फ्लोटवर ठेवलेलं मन

टेलिफोन एक्सचेंज बघायला पाहुणे आले की त्यांना स्विच रूममध्ये न्यायचे. एसीची थंड हवा, लुकलुकणारे दिवे, माणसं खूश. बॅटरी रूम कुणी बघायला मागत नसे. ती मागच्या बाजूला, खिडक्या उघड्या, ॲसिडचा वास. स्टँडवर ओळीनं २४ सेल. एकेक सेल २ व्होल्टचा, सगळे मिळून ४८. तुमच्या घरची लाइट गेली तरी जुना लँडलाइन चालू राहायचा, तो या २४ सेलच्या जिवावर. त्या फोनला तुमच्या मीटरची वीज लागतच नसे. बोलणं जायचं त्याच तांब्याच्या दोन तारांतून एक्सचेंज वीजही पाठवायचं.

१९८८ साली नवीन लागलो तेव्हा माझी समजूत अशी, की लाइट गेली की बॅटऱ्या सुरू करायच्या. आमचा सीनियर टेक्निशियन हसला. म्हणाला, "सुरू करायला त्या बंद कधी असतात?" सेल कायम जोडलेलेच असतात. लाइट असते तोवर चार्जर एक्सचेंजही चालवतो आणि सेलनाही घोटघोट पाजत राहतो. याला म्हणतात फ्लोट. त्यामुळं लाइट जाते त्या क्षणी सेल भरलेलेच असतात आणि बोलणाऱ्याला काही कळतही नाही. "अंधार झाल्यावर चार्जिंगला लावायला गेलास, तर करंट आणणार कुठनं?" असं तो म्हणाला होता. नोकरी संपेपर्यंत मी ते वाक्य बॅटऱ्यांबद्दलचं समजत होतो.

३१ जानेवारी २०२० ला मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय ५४. त्या एका दिवशी बीएसएनएलमधून देशभरात ७८ हजारांहून जास्त माणसं घरी गेली, त्यातला मी एक. कोल्हापूरकराला ही तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीचे किरण महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात, तो किरणोत्सव. हार-नारळ घेऊन मी तसाच देवळाकडे गेलो. गर्दीत काही दिसलं नाही. हात जोडले आणि मनात म्हटलं, चला, आता आराम.

सात-आठ आठवड्यांत लॉकडाऊन लागला आणि पुढच्या दीड वर्षात माझे सगळे सेल उतरले. ते परत भरताना जे हाती लागलं आणि आजवर टिकलं, ते इथं मांडतोय. मी डॉक्टर नाही, प्रवचनकार तर नाहीच. फॉल्ट काढणारा माणूस आहे.

१. पायलट सेल कोणता, ते ओळखून ठेवा

२४ सेलचं रीडिंग रोज घेत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून त्यातला एक ठरवून ठेवतात, पायलट सेल. रोज त्याचं व्होल्टेज आणि ॲसिडची घनता रजिस्टरला चढवायची. पायलट उतरायला लागला की समजायचं, बाकीचेही त्याच वाटेवर आहेत.

माझा पायलट सेल म्हणजे झोप. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. चिडचिड, अन्नावरची वासना उडणं, कुणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन बसणं, या सगळ्याच्या पंधरा दिवस आधी झोप गेलेली असायची. पहाटे तीनला डोळे उघडायचे. मग नोकरीच्या एकतीस वर्षांत कोण काय बोललं, आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, याची उजळणी साडेपाचपर्यंत.

आता काही गोष्टी पाळतो. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं. दुपारी चारनंतर चहा नाही. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटं, तीही खुर्चीत. रिटायर माणसाची दुपारची झोप म्हणजे रात्रीच्या झोपेतून घेतलेली उचल असते, ती रात्री कापून जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहाटे तीनला कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. त्या वेळी भावकीचा वाद असो की गुडघ्याची कळ, सगळं दुप्पट दिसतं. "सकाळी बघू" एवढंच स्वतःला सांगायचं. सकाळी त्यातलं निम्मं बघण्यासारखं नसतं.

प्रत्येकाचा पायलट वेगळा. माझ्या एका मित्राचं दाढी करणं थांबतं. आमच्या हिचं गुणगुणणं. स्वयंपाकघरातून सूर येईनासा झाला की मी समजतो, काहीतरी बिनसलंय. पूर्वी हे मला ऐकूच यायचं नाही. म्हणजे सूर यायचा, पण मी त्याचं रीडिंग घेत नव्हतो.

२. सकाळला जायला एक ठिकाण द्या

नोकरीत सकाळ आयती मिळते. कंटाळा करत का होईना, डबा घेऊन माणूस घराबाहेर पडतो. नोकरी सुटली की सकाळ सुटी होते आणि सुटी सकाळ सांभाळणं अवघड. मी नऊ-नऊपर्यंत अंथरुणात लोळायला लागलो.

"फिरायला जावा" हे सगळेच सांगत होते. दोनदा नवे बूट घेतले. पण नुसतं फिरायला म्हणून मला तिसऱ्या दिवशी जाता येईना. कुठंच जायचं नसेल तर आज न गेल्यानं बिघडतं काय? शेवटी हिनं एक दिवस किटली हातात दिली आणि म्हणाली, "गंगावेशीतनं दूध आणा."

बाहेरगावच्यांसाठी सांगतो, गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि लोक उभ्या उभ्या फेसाळ दुधाचा ग्लास रिचवतात. मंगळवार पेठेतून चालत जाऊन-येऊन, थोडं रेंगाळून मला तासभर लागतो. चालणं झालं, ऊन अंगावर आलं, चार माणसांशी दोन शब्द झाले. सकाळच्या उजेडानं रात्रीच्या झोपेचं घड्याळ लागतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोवर किटलीनं ते काम सुरू केलं होतं.

पण खरी कमाई दुसरीच. तापानं दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गवळी धार काढता काढता मान वर न करता म्हणाला, "दोन दिस दिसला न्हाईसा?" एवढंच. आपण नाही आलो हे गावात कुणाच्या तरी लक्षात येतं, ही गोष्ट निवृत्त माणसाला पेन्शनइतकीच लागते.

३. फॉल्ट आत आहे की बाहेर, ते आधी तपासा

तक्रार येते "फोन डेड." नवखा लाइनमन शिडी उचलतो आणि खांबावर चढतो. मुरलेला माणूस आधी एक्सचेंजमध्येच लाइन टेस्ट करतो. दोष आपल्या बाजूला आहे की बाहेर, केबलमध्ये की ग्राहकाच्या घरात, हे ठरवूनच निघतो. कितीदा तरी घरात जाऊन बघावं तर रिसीव्हर नीट ठेवलेला नसायचा.

हे शहाणपण मी घरी कधी आणलं नाही. एका दुपारी आमटीत मीठ कमी म्हणून मी ताट पुढं सरकवलं. ही काही बोलली नाही. मिठाचा डबा आणून ठेवला आणि उठून गेली. मी तसाच बसून राहिलो. त्याआधी तिनं कितीदा तरी कमी मीठ घातलं असेल, मी वरून चिमूटभर घेऊन जेवलो होतो. मग आज काय झालं?

उलटं तपासत गेलो. सकाळी ऑफिसमधून फोन आला होता. जुनी केबल कोणत्या चरीतून गेली आहे ते विचारायला. मी उत्साहानं सांगायला लागलो, खडूनं फरशीवर नकाशासुद्धा काढला. पलीकडून मध्येच आवाज आला, "राहू दे काका, बघतो आम्ही." फॉल्ट तिथं होता. मी मात्र स्वयंपाकघरातल्या खांबावर चढून बसलो होतो.

तेव्हापासून भडका उडाला की मी तीन टेस्ट घेतो. पोटात काही आहे का? रात्री झोप झाली होती का? आज कुणाचं काही बोलणं मी गिळलंय का? बहुतेक वेळा तिसऱ्याच्या आत उत्तर मिळतं. आणि मिळालं की त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. "मला राग आला" आणि "मला वाईट वाटलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पुरुषांना पहिलं पटकन येतं, कारण दुसरं बोलायची सवय कुणी लावलेली नसते. संध्याकाळी मी हिला ऑफिसच्या फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं की. मीठ काय करणार त्याला?"

४. वाक्यातला 'च' शोधा

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. करवीर नगर वाचन मंदिरातून त्या विषयावरची पुस्तकं मी आणली. १८५० सालची संस्था ती, आणि मी तिथं पन्नाशीनंतर पायरी चढलो. एलिसचं म्हणणं मी माझ्या भाषेत असं लावलं, की इच्छा असणं वेगळं आणि हट्ट धरणं वेगळं. दुःख इच्छेनंही होतं, पण माणूस उद्ध्वस्त होतो तो हट्टानं.

मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. "मुलीनं रोज फोन केलाच पाहिजे." आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. ज्या दिवशी तिचा फोन येत नसे त्या रात्री मी मनात तिच्यावर खटला चालवायचो. वकील मी, न्यायाधीश मी. आता वाक्यातला 'च' काढून बघतो. "मुलीनं रोज फोन केला तर बरं वाटेल." फोन आला नाही तर वाईट आजही वाटतं. पण ते वाईट वाटणं बशीभर असतं, हंडाभर नसतं. आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की मी टोमणा न मारता "जेवलीस का?" विचारू शकतो. गंमत म्हणजे तेव्हापासून तिचे फोन वाढले.

सगळेच 'च' वाईट नसतात. स्वतःच्या औषधाला, चालण्याला 'च' जरूर लावावा. दुसऱ्याच्या वागण्याला लावला की तो आपल्यालाच बोचतो.

५. वाट बघू नका, नंबर फिरवा

अमेरिकेत हार्वर्डमध्ये १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. काहीशे तरुण निवडले, काही हार्वर्डचे विद्यार्थी, काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतले, आणि त्यांच्या आयुष्याची नोंद ते म्हातारे होईपर्यंत घेत राहिले. अभ्यास अजून चालू आहे, आता पुढच्या पिढीवर. त्यातून ठळकपणे पुढं आलं ते असं, की जवळच्या माणसांशी ज्यांचं बरं असतं ते जास्त सुखी आणि जास्त निरोगी राहतात. ऐकायला साधं आहे. माझ्या आजीनं हे फुकटात सांगितलं असतं. पण ८० वर्षांहून जास्त वहीखातं ठेवून कुणी तेच सांगितलं की नाही म्हणायला जागा उरत नाही.

माझी स्थिती काय होती? जन्मभर लोकांचे फोन जोडून देणारा मी, आणि माझा फोन दिवसचे दिवस वाजत नव्हता. मी मनात हिशेब मांडत होतो, कोण कोण मला विसरलं. एका रात्री उलटा हिशेब मांडला. मी शेवटचा फोन स्वतःहून कुणाला केला होता? आठवेना.

जुन्या डायरीतून वीस नावं काढली. दर बुधवारी एकाला फोन, एवढाच नियम. बुधवारच का, याला कारण नाही. वार ठरला नाही तर ते काम होत नाही, हे खात्यात शिकलेलं.

यादीत पहिलंच नाव गडहिंग्लजकडच्या एका लाइनमनचं. गगनबावड्याच्या पावसात आम्ही दोघांनी तारा ओढल्या होत्या. मी वर, शिडी धरून तो खाली, दोघांच्या तोंडावरून पाणी. रिटायर झाल्यापासून एकदाही बोललो नव्हतो. फोन उचलला, मी नाव सांगितलं, आणि पलीकडं शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "ही गेली रे. तीन महिने झाले."

मला काही सुचेना. मयताला नाही, दिवसांना नाही, मला पत्ताच नव्हता. तो विचारत होता, "नेमका आजच कसा काय केलास?" मी म्हटलं, "बुधवार आहे म्हणून." तोंडातून तेवढंच गेलं. आणि तो हसला. रडत रडत हसला. म्हणाला, "तुझं हे असलंच." पुढं पाऊण तास बोललो. त्यातली चाळीस मिनिटं तो.

त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळतो. "खूप दिवसांनी केला, माफ कर" असं सुरू करायचं नाही, त्यात समोरच्याला आपली समजूत काढत बसावं लागतं. आणि काम काढून फोन करायचा नाही. काम नसताना आलेला फोन माणूस वेगळ्या आवाजात घेतो. ज्याला शंका असेल त्यानं करून बघावा.

६. हातांना असं काम द्या, ज्यात डोकं पळून जाऊ शकत नाही

पंचावन्नाव्या वर्षी मी ज्वारीची भाकरी करायला शिकलो. शिकवणारी आई, वय ८३. पाटावर बसून हुकूम सोडायची. "आरं, पानी चांगलं कडत घे. पीठ दाबू नगं, मळ. तळव्यानं मळ." पहिली भाकरी थापली ती जिल्ह्याच्या नकाशासारखी. परातीतून उचलताना तिचे दोन तालुके वेगळे झाले. आई म्हणाली, "खातोय ते पोट. त्याला नकाशा कुठं दिसतोय?"

भाकरी थापताना मागचं आठवायला सवड नसते. पीठ फिरतं ठेवावं लागतं, कडा जाड राहिल्या तर भाकरी फुगत नाही, तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो, तो क्षण चुकला की चिरा पडतात. दोन्ही हात पिठात, म्हणजे मोबाइलही धरता येत नाही. अर्ध्या तासात पाच भाकऱ्या होतात, आणि त्या अर्ध्या तासात मी कुणावर खटला चालवत नाही.

पूर्वी खांबावर बसून टेस्ट फोन लावला आणि डायल टोन ऐकू आला की मी खाली ओरडायचो, "आली!" आता भाकरी टम्म फुगली की एकटाच स्वयंपाकघरात म्हणतो, "आली!" तुमचं काम वेगळं असेल. विणकाम, कुंड्या, सायकल उघडून साफ करणं, पेटी वाजवणं. काम असं हवं की हातांनी व्हावं, थोडं चुकावं आणि संपलं की समोर दिसावं.

७. क्रॉस टॉक तोडा

जुन्या कागदी वेष्टनाच्या केबलमध्ये पावसाळ्यात पाणी शिरलं की क्रॉस टॉक व्हायचा. तुम्ही बहिणीशी बोलताय आणि कानात कुणाचं तरी गुळाच्या दरावरून भांडण. लोक वैतागून तक्रार करायचे. आज तेच आपण रिचार्ज मारून विकत घेतो. मी अकरा ग्रुप म्यूट केले, दोन सोडले. रात्री मोबाइल सोप्यात चार्जिंगला लावतो, उशाला घेत नाही. सकाळी किटली आधी, मोबाइल मागाहून. एवढं पुरतं.

८. शेजाऱ्याचं मीटर वाचू नका

कुणाला किती पेन्शन, कुणाचा मुलगा कुठल्या देशात, कुणी माळावर किती गुंठे घेतले. त्याच्या मीटरवर किती युनिट पडले यानं आपल्या घरचा दिवा कमी-जास्त होत नाही. हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही, म्हणून थोडक्यात आवरतो.

९. इशारा पातळीला हलायचं, धोक्याची वाट बघायची नाही

पावसाळ्यात कोल्हापुरात शाळेतलं पोरसुद्धा दोन आकडे सांगतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. नदीकाठच्या माणसानं ३९ ला सामान वर चढवायचं असतं. २०१९ च्या महापुरानंतर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

स्वतःच्या बाबतीत मी ३९ ओलांडून गेलो तरी पाट टाकून बसलो होतो. महिनाभर झोप नाही, सहा किलो वजन उतरलेलं, दाराची बेल वाजली की छातीत धडधड. एका रात्री हिला सहज बोलल्यासारखं म्हटलं, "मी नसलो तरी तुमचं काय अडतंय?" ती उठून बसली. "मी पोरीला फोन लावतो," म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'लावतो', 'येतो' म्हणतात. त्या रात्री त्या 'लावतो'त एक जरब होती.

मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं म्हटल्यावर मी अडून बसलो. "मी काय वेडा आहे?" ही म्हणाली, "लोकं १९८ ला फोन करून तक्रार लिहायची, त्यांना तुम्ही वेडं म्हणायचासा काय?" यावर मला उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या दिल्या, बोलतं केलं. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी बजावलं. आठ महिने घेतल्या. मग त्यांनीच हळूहळू कमी करून थांबवल्या.

हे सांगितल्याशिवाय वरचे सगळे मुद्दे खोटे ठरतील. पूर्ण उतरलेल्या सेलला फ्लोट पुरत नाही. त्याला आधी बूस्ट चार्ज द्यावा लागतो, मग फ्लोटवर ठेवायचं. नैराश्यात बुडालेल्या माणसाला "फिरायला जा, भाकरी कर, आनंदी राहा" असं सांगणं म्हणजे मेलेल्या बॅटरीवर एक्सचेंज चालव म्हणणं. त्याला आधी उपचार हवेत. किटली हातात आली तेव्हा माझ्या गोळ्यांना महिना झाला होता, म्हणून मी ती उचलू शकलो.

दवाखान्यापर्यंत जायचा धीर होत नसेल त्यांच्यासाठी १४४१६ हा नंबर आहे. 'टेली-मानस', सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आयुष्य नंबरांत गेलेला माणूस सांगतोय, हा पाच आकडी नंबर पाठ करून ठेवा. स्वतःसाठी लागला नाही तर शेजारच्यासाठी लागेल.

१०. लाइट जाणारच आहे

दोन वर्षांपूर्वी आई गेली. झोपेतच गेली, लोक म्हणाले सोन्यासारखं मरण. असेल. चौदाव्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन बाहेर पडलो. नातेवाइकांतल्या एकीनं ते बघितलं आणि तिला ते खटकलं. तिला वाटलं असेल, याला काहीच नाही. दुपारी भाकरी करायला बसलो, पाणी कडत ठेवलं, आणि कुणी काही बोललं नाही. पाट रिकामा. तव्यासमोर बसून ढसाढसा रडलो. मग डोळे पुसून ते पीठ मळलं, कारण पाणी निवत चाललं होतं.

त्याच आठवड्यात लिहायला लागलो. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत माणसं सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं सलणारं कागदावर उतरवत होती, आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, असं वाचलं होतं. मी चार दिवस आईला लिहिलं. तिच्या शेवटच्या वर्षात मी दोनदा तिच्यावर ओरडलो होतो, तेही लिहिलं. ते कागद कुणाला दाखवले नाहीत.

फ्लोटवर ठेवल्यानं लाइट जायची थांबत नाही. आई जायची ती गेलीच, आणि दुःखात काही कपात झाली नाही. फक्त त्या अंधारात मी चालू राहिलो. पाच वर्षांपूर्वीचा मी असतो तर नसतो राहिलो.

दर ३१ जानेवारीला महाद्वारावर जातो. एखाद्या वर्षी ढग असतात, कधी हवेत आर्द्रता, किरण उंबऱ्याशी येऊन विरतात. लोक "उद्या बघू" म्हणत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत येऊन उभे राहतात. पूर्वी मला वाटायचं, किरण दिसले तरच फेरी सफळ. आता वेळेवर जाऊन उभं राहण्यातही काही मिळतं, असं वाटतं.

आणि रोज रात्री रजिस्टर लिहितो. जुन्या सवयीनं, बॅटरी रूमच्या रजिस्टरसारखंच. तारीख, रीडिंग, शेरा. फार तर तीन ओळी. कालची नोंद अशी आहे :

झोप ६ तास, तीनला जाग नाही. दूध १ लिटर. फोन : गडहिंग्लज, ४० मिनिटं, बुधवार. भाकऱ्या ५, पैकी १ करपली. हिचं गुणगुणणं : चालू.